रात्री दहाची वहिवाट

जमिनीच्या दाव्यांत मालकी आणि वहिवाट या दोन गोष्टी निरनिराळ्या धरण्याचा आपल्याकडील दिवाणी कोर्टांचा दस्तूर जुना आहे. शेताचा उतारा एकाच्या नावाने निघत असला, तरी त्या शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांचा वाटेवरील हक्क मालकाच्या एका हुकमाने बुजत नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या इतिहासात घड्याळाच्या तासांविषयी नेमका असाच एक दावा उभा राहिला. एन.बी.सी. या वाहिनीने आपल्या उत्तररात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जे लेनो यांना २००९ साली साडेअकराच्या जागेवरून उठवून रात्री दहाच्या, म्हणजे ‘प्राइम टाइम’च्या आसनावर बसविले, तेव्हा त्या तासाचे आपण धनी आहोत आणि तो वाटेल त्याला इनाम देऊ शकतो, अशी वाहिनीच्या कारभाऱ्यांची समजूत होती; परंतु पुढील पाच महिन्यांत प्रेक्षकांनी, काहींनी मुकाट्याने तर काहींनी रस्त्यावर येऊन, त्या समजुतीला जे उत्तर दिले, ते समजण्यासाठी त्याआधीच्या अर्धशतकाचे दप्तर उघडून पाहणे अवश्य आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सायंकाळी आठ ते अकरा हा प्राइम टाइम देशव्यापी वाहिन्यांचा, अकराचा अर्धा तास शहरोशहरीच्या स्थानिक केंद्रांच्या बातम्यांचा, आणि त्यानंतरचा काळ पुन्हा वाहिनीचा, अशी रात्रीची विभागणी हळूहळू रूढ झाली. या शेवटच्या विभागात एन.बी.सी.ने २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘टुनाइट’ हा कार्यक्रम सुरू केला. दिवसाचे व्यवहार आटोपून, दिवे मालवून, बहुधा अंथरुणात पडल्या पडल्या पाहण्याचा हा कार्यक्रम. त्यामुळे आरंभीचे विनोदी भाषण, एक मेज, पाहुण्यासाठी एक कोच आणि गाण्याची साथ एवढ्या अल्प सामग्रीवर तो उभा राहू शकला. अर्धवट पेंगत असलेल्या प्रेक्षकाची अपेक्षाच मर्यादित असते. त्याला कथानकाचा शेवट नको असतो, सोबत हवी असते, आणि ती सोबत रोज ठरल्या वेळी मिळाली म्हणजे तिच्या गुणदोषांची तो फारशी झडती घेत नाही.

या आसनावरून प्राइम टाइमकडे गेलेले लेनो हे पहिले गृहस्थ नव्हेत. सी.बी.एस. या प्रतिस्पर्धी वाहिनीवर एड सलिव्हन यांचा रविवारचा दरबार जोरात होता. त्याला शह देण्यासाठी १९५६ च्या जूनमध्ये एन.बी.सी.ने ॲलन यांना रविवारी सायंकाळी स्वतंत्र कार्यक्रम दिला आणि पहिल्याच आठवड्यांत, १ जुलै रोजी, ॲलन यांनी एल्व्हिस प्रेस्ली या तरुण गायकाला टेलकोट चढवून, त्याच्यासमोर एक लांब कानांचे कुत्रे बसवून, त्याचे गाजलेले गाणे त्या कुत्र्याला उद्देशून गावयास लावले. त्या रात्री ॲलन यांनी प्रेक्षकसंख्येत सलिव्हन यांना मागे टाकले खरे. पण दुसऱ्या दिवशी एल्व्हिसचे तरुण चाहते, आम्हांला खरा एल्व्हिस हवा, अशा आशयाचे फलक घेऊन निदर्शने करू लागले. उत्तररात्री खपून जाणारी खोडकर थट्टा भर सायंकाळी, सबंध कुटुंबासमोर, अनेकांना अपमानासारखी बोचते, याचा हा एक आरंभीचा दाखला होय.

ॲलन यांच्यानंतर १९५७ साली आलेले जॅक पार हे भावनाप्रधान आणि मानी गृहस्थ होते. १९६० च्या फेब्रुवारीत, शौचकूपाविषयीचा त्यांचा एक निरुपद्रवी विनोद वाहिनीने परस्पर कापला, तेव्हा ते चालू कार्यक्रमातून उठून गेले आणि सुमारे महिन्याने परतले. दोन वर्षांनी त्यांनी रात्रीचे आसन कायमचे सोडले आणि १९६२ ते १९६५ या काळात शुक्रवारी रात्री दहा वाजता, म्हणजे पुढे लेनोंना मिळालेल्या त्याच वेळी, साप्ताहिक कार्यक्रम केला. रिचर्ड निक्सन यांनी त्यात पियानो वाजविला, आणि बीटल्सचे प्रत्यक्ष आगमन होण्याआधी १९६४ च्या जानेवारीत त्यांची चित्रफीत पार यांनी अमेरिकन प्रेक्षकांना दाखविली. पार यांच्या या स्थलांतराविषयी कोणी तक्रार केली नाही, याचे कारण उघड आहे: आठवड्यातून एक रात्र घेतल्याने कोणाची वाट अडली नव्हती, आणि मागे उत्तररात्रीची जागा रिकामी न राहता तीवर जॉनी कार्सन येऊन बसले होते.

कार्सन यांनी १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, ही गादी सांभाळली आणि तिच्या वेळेला परंपरेचे वजन आणले. त्यांना स्वतःला मिनिटांचे मोल पुरते ठाऊक होते. कार्यक्रम सव्वाअकराला सुरू होई, पण पुष्कळशी स्थानिक केंद्रे बातम्या लांबवून साडेअकरापासून तो दाखवू लागली होती. तेव्हा आपले आरंभीचे भाषण निम्म्या देशाला दिसतच नाही हे जाणून १९६५ साली त्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत मंचावर येण्याचेच नाकारले, आणि ती वेळ सहकाऱ्यांनी निभावून नेली. कार्सन यांच्या निवृत्तीनंतर वारसाहक्काचा तंटा लागला. गादी लेनोंना मिळाली, आणि तिचे दुसरे दावेदार डेव्हिड लेटरमन रुसून १९९३ साली सी.बी.एस.वर गेले. तसा तंटा पुन्हा होऊ नये या दूरदृष्टीने, कार्यक्रमाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, २००४ च्या सप्टेंबरात, वाहिनीने जाहीर केले की पाच वर्षांनी ही गादी आपलेच दुसरे सूत्रसंचालक कोनन ओब्रायन यांना देण्यात येईल. दूरदृष्टीत एकच उणीव राहिली: पाच वर्षे लोटली तेव्हाही लेनो पहिल्या क्रमांकावरच होते, आणि त्यांना प्रतिस्पर्धी वाहिनीच्या हाती जाऊ देणे कारभाऱ्यांना परवडणारे नव्हते.

त्यातून २००८ च्या डिसेंबरात ती मसलत जाहीर झाली: ओब्रायन यांना ‘टुनाइट’, आणि लेनोंना सोमवार ते शुक्रवार रोज रात्री दहाचा तास. जमाखर्चाच्या वहीत ही योजना निर्दोष होती. तासाभराच्या एका कथामालिकेच्या भागास सुमारे ३० लाख डॉलर लागत, तर लेनोंचा एक भाग ४ लाखांच्या आत होई. मालिकेचे वर्षाकाठी बावीसच भाग होत, तर लेनो ४६ आठवडे नवा कार्यक्रम देणार होते. आणि ताज्या घडामोडींवरचा विनोद कोणी यंत्रात साठवून उद्या पाहणार नाही, म्हणून जाहिरातीही टाळल्या जाणार नाहीत, असा हिशेब होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने लेनोंना मुखपृष्ठावर घेऊन दूरचित्रवाणीचे भवितव्य म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविले, ते याच अर्थशास्त्राकडे पाहून. परंतु त्या तासाला स्वतःची एक वहिवाट होती. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’, ‘एल.ए. लॉ’ आणि ‘ई.आर.’ या मालिकांनी एकीमागून एक, १९८० च्या दशकारंभापासून २००९ च्या एप्रिलपर्यंत, गुरुवारी रात्री दहा वाजता प्रौढ आणि गंभीर कथानक पाहण्याची सवय लावली होती; ती सवय ताळेबंदात कोठेही मांडलेली नव्हती.

धोक्याचा पहिला इशारा प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ असणाऱ्यांनी दिला. बोस्टन येथील डब्ल्यू.एच.डी.एच. या संलग्न केंद्राने २००९ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले की दहा वाजता आपण लेनो दाखविणार नाही, स्थानिक बातम्या दाखवू. तेव्हा करारनाम्यावर बोट ठेवून वाहिनीने संलग्नताच काढून घेण्याची ताकीद दिली आणि केंद्राला माघार घ्यावी लागली. दहाच्या कार्यक्रमापाशी थांबलेला प्रेक्षकच अकराच्या बातम्यांना लाभतो, आणि त्या बातम्यांच्या जाहिरातींवर स्थानिक केंद्राचा संसार चालतो, हे त्या केंद्राला पक्के ठाऊक होते.

१४ सप्टेंबर २००९ रोजी ‘द जे लेनो शो’ सुरू झाला. आदल्याच रात्री एका पारितोषिक समारंभात गायिका टेलर स्विफ्ट हिच्या हातून ध्वनिक्षेपक हिसकावून घेणारा कान्ये वेस्ट पहिल्याच दिवशी लेनोंसमोर बसला, आणि तुझ्या दिवंगत आईला हे पाहून काय वाटले असते, असे लेनोंनी विचारताच तो निरुत्तर झाला. त्या रात्री १ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी कार्यक्रम पाहिला. ते कुतूहल होते. त्याचे सवयीत रूपांतर झाले नाही, आणि काही आठवड्यांतच प्रेक्षकसंख्या ५०-६० लाखांच्या आसपास घसरली. मेज हटवून खुर्च्या मांडल्या होत्या, नामवंतांना विजेवरच्या मोटारीत बसवून शर्यती लावल्या होत्या, वर्तमानपत्रांतील हास्यास्पद मथळ्यांचा जुना लोकप्रिय भाग अखेरीस नेऊन ठेवला होता. तरी बाकीचा बाज साडेअकराचाच राहिला. अजून जागा असलेला, काही घडावे अशी अपेक्षा धरून बसलेला दहाचा प्रेक्षक त्यावर समाधान मानीना. तो शेजारच्या वाहिनीवरील ‘सी.एस.आय. मायामी’ वा ‘द मेंटलिस्ट’ पाही, किंवा ज्या यंत्रावर लेनोंनी मात करावयाची होती त्याच यंत्रात आठ-नऊचे साठविलेले कार्यक्रम या मोकळ्या तासात उरकून घेई.

ही पहिली प्रतिक्रिया निःशब्द होती. कोणी मोर्चा काढला नाही; लोकांनी फक्त वाट बदलली. परंतु तिचा आघात अकराच्या बातम्यांवर झाला आणि तेथून साडेअकराच्या ओब्रायनांपर्यंत पोहोचला. नोव्हेंबरचे आकडे हाती येताच स्थानिक केंद्रांचा तगादा असह्य झाला आणि १० जानेवारी २०१० रोजी वाहिनीने कबुली दिली की लेनोंचा कार्यक्रम दहावरून हटविण्यात येईल. त्यावर सुचविलेली तडजोड मूळ चुकीहूनही विलक्षण होती: ११ वाजून ३५ मिनिटांनी अर्धा तास लेनो, आणि ‘टुनाइट’ मध्यरात्र उलटल्यावर, १२ वाजून ५ मिनिटांनी. ओब्रायन यांनी १२ जानेवारीस खुले पत्र लिहून नकार कळविला. ‘टुनाइट’ दुसऱ्या दिवसात ढकलला तर तो ‘टुनाइट’ राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

आता मात्र आवाज उठला. ओब्रायन यांच्या तांबड्या केसांचे चित्र आणि ‘मी कोकोच्या बाजूचा’ (कोको हे त्यांचेच लाडके नाव) ही घोषणा देशभर पसरली. लॉस एंजेलिसमध्ये भर पावसात तरुणांचे जथे जमले, आणि न्यूयॉर्क, शिकागो येथेही निदर्शने झाली. लेनोंना गादी बळकावणारा ठरविण्यात आले, आणि प्रतिस्पर्धी वाहिनीचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी तर थेट लेनोंच्याच कार्यक्रमात त्यांना हसत हसत घायाळ केले. अखेरीस सुमारे ४ कोटी ५० लाख डॉलरांवर समेट होऊन २२ जानेवारीस ओब्रायन यांनी निरोप घेतला; दहाचा कार्यक्रम ९ फेब्रुवारीस संपला आणि १ मार्चला लेनो पुन्हा आपल्या जुन्या जागी परतले.

या प्रकरणातील विसंगती अशी की, रस्त्यावर उतरलेल्यांपैकी पुष्कळांनी ओब्रायन यांच्या सात महिन्यांच्या कारकिर्दीत साडेअकराला दूरचित्रवाणी लावलीच नसावी. ओब्रायन लेटरमन यांच्या मागे पडले होते, आणि त्यांची प्रेक्षकसंख्या वाढली ती त्यांना काढण्याची वार्ता पसरल्यावर. उलट लेनोंचे ज्येष्ठ आणि नेमाने पाहणारे प्रेक्षक या साऱ्या गदारोळात कोठेही बोलले नाहीत. म्हणून केवळ घोषणांवरून लोकमताचा अंदाज करणारा आणि केवळ आकड्यांवरून तो करणारा, दोघेही येथे फसतील. मात्र गप्प राहणारा आणि ओरडणारा, दोघेही एकच हक्क बजावीत होते: कोणता तास कशासाठी, हे आपल्याला न विचारता ठरविता येणार नाही.

तो हक्क पुढे कोणी हिरावून घेतला नाही. तो वापराअभावी क्षीण झाला. २०१४ साली लेनोंनी दुसऱ्यांदा गादी सोडली आणि जिमी फॅलन आले, तोवर पुष्कळ तरुण रात्रीचा विनोद दुसऱ्या दिवशी सकाळी, तुकड्या-तुकड्यांनी, हातातील यंत्रावर पाहू लागले होते. आणि लेटरमन यांनी १९९३ साली सुरू केलेला ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करण्याचा निर्णय सी.बी.एस.ने २०२५ च्या जुलैत जाहीर केला. त्यावर खळबळ झाली. पण तिचा विषय राजकारण आणि पैसा हा होता, साडेअकराची वेळ हा नव्हता. वहिवाटीचा दावा लढविण्यासाठी त्या वाटेने रोज चालणारे लोक उरावे लागतात. या दृष्टीने पाहता एन.बी.सी.च्या कारभाऱ्यांना २०१० साली जी नामुष्की वाटली, ती त्यांच्या व्यवसायाला मिळालेली एक मोठी पावतीच होती: त्यांचा एक तास इकडचा तिकडे झाला, तर जाब विचारावयास तेव्हा माणसे जागी होती.