सवय आणि आभाळ

आभाळाकडे पाहण्याची सवय असते, तशी न पाहण्याचीही असते. गुलमंडीच्या गर्दीत ही दुसरी सवय लवकर जडते. मगरिबला किती वेळ उरला, हे आम्ही भिंतीवरच्या छापील तक्त्यावरून सांगतो. मावळतीकडे मान वळवायची ती वर्षातून एकदोनदा, रमजानच्या आणि ईदच्या चाँदसाठी. मग महिनाभर पुन्हा तक्ता.

तक्ता वाईट नाही. पण तो आभाळावरूनच बेतलेला आहे, हे विसरणे बरे नव्हे. असरची वेळ मुळात सावलीवरून ठरते. ऐन दुपारची सावली वजा करून उरलेली सावली वस्तूएवढी झाली की शाफई मताने असर सुरू होते. हनफी मताने ती दुप्पट व्हावी लागते. म्हणून कोकणातल्या मशिदीत आणि आमच्या मराठवाड्यातल्या मशिदीत असरच्या वेळा वेगळ्या. भांडण नाही, मोजण्याची रीत वेगळी.

घड्याळातले बारा आणि गुलमंडीवरचे बारा हेही एक नव्हेत. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बांधली गेली. आपले शहर त्याच्या पश्चिमेला सुमारे सात अंशांवर. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी; नोव्हेंबरात थोडा आधी, फेब्रुवारीत थोडा उशिरा. मुंबईने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. लोकांना आपल्या सूर्याची सवय होती.

सालाचेही तसेच. हिजरी वर्ष चंद्राचे, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. उन्हाळ्याचा रोजा नि हिवाळ्याचा रोजा, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात, यात न्याय आहे. पण शेतसारा चंद्रावर घेता येत नाही. पीक सूर्याप्रमाणे येते. म्हणून अकबराच्या काळात फसली सन निघाला आणि शाहजहानच्या काळात तो दख्खनेत आला. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, तेव्हा सरकारी कागदावर हाच सन असे. आजूर, दै, बहमन ही महिन्यांची नावे जुन्या दस्तांत अजून दिसतात. फसली सनात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन निघतो. त्याच काळी शेतकरी, मग तो मुसलमान असो की हिंदू, पेरणीसाठी मृगाची वाट पाहत असे. नमाजेला सूर्य, ईदला चंद्र, साऱ्याला फसल, पेरणीला नक्षत्र: एका माणसाला चार हिशेब येत होते आणि त्यांत त्याला काही विसंगत वाटत नव्हते.

नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत निजामिया वेधशाळा उभारली. पुढे ती संस्थानाकडे आणि मग उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. साऱ्या आभाळाचा नकाशा करण्याच्या जागतिक कामात तिने आपला पट्टा मोजून दिला, लाखो ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. उस्मानियात त्या वेळी विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. आमच्या शाळांतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. उर्दू म्हणजे फक्त शायरी, असे त्यांनाच वाटू लागले आहे.

चाँदवरून दर वर्षी वाद होतात. हिशेबाने ठरवावे की डोळ्यांनी, यावर आलिम बोलतील; तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे शिक्षकाचे आहे. ज्याने कधी आभाळ मोजले नाही, त्याला हिशेबही परका आणि साक्षही परकी. मग तो फक्त कोणाच्या तरी बाजूने ओरडतो.

येत्या २२ डिसेंबरला मुलांना मैदानात मीटरभर काठी उभी रोवायला लावावी. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होईल, तरी ती ९४ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. पुढे १९-२० मे रोजी तीच काठी सुटीत घरच्या गच्चीवर रोवावी. दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होईल. पट्टी, काठी आणि वही, एवढाच खर्च. वहीत तारीख लिहिताना इसवीबरोबर हिजरीही लिहावी, आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला फसलीचे महिने विचारून घ्यावेत.