काला अंब, फडणिशी आणि संगणक-कक्ष

पानिपतजवळचा काला अंब हा आपल्या शाळेच्या सहलींचा ठरलेला थांबा. तेथील स्मृतिस्तंभापुढे विद्यार्थी भाऊसाहेब आणि विश्वासराव यांची नावे घेतात. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारातून जिवंत परतलेल्या, वयाची एकोणीस वर्षेही पुरी न झालेल्या नाना फडणिसांचे नाव तेथे क्वचितच निघते. यात्रेसाठी बरोबर आलेली त्यांची आई त्या धामधुमीत कायमची दुरावली. पुढे मराठी राज्याचा कारभार ज्यांनी सांभाळला, त्यांचा मूळ व्यवसाय नोंदी राखण्याचा होता. संगणक-प्रणालीच्या व्यवस्थापनाचे पहिले पाठ देताना मी म्हणूनच त्यांच्यापासून आरंभ करतो.

पेशवाईत रोजच्या व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत होई. पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे, म्हणजे त्याखाली कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये. सर्व्हरवर रोजकीर्दीचे काम ‘लॉग’ करतो. १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीचा मालक ठरलेला असतो. ती कोणी वाचावी, कोणी बदलावी हेही ठरलेले असते. सर्वाधिकार केवळ ‘रूट’कडे. नित्याचे काम रूट होऊन करू नये, हे मुलांना पटवणे सर्वांत अवघड जाते. अधिकाराचा मोह वयाने लहान असतानाही असतोच.

सर्वांत मोठा पाठ मात्र पानिपतानंतर दोनच वर्षांनी मिळाला. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. पेशव्यांचे कुटुंब सिंहगडाच्या आश्रयास गेले होते. तेथवर पोहोचलेल्या शत्रूच्या तुकडीमुळे मराठ्यांच्या इतिहासाची बहुमोल कागदपत्रे नष्ट झाल्याचे ग्रँट डफ सांगतो. कागद हलवणे आणि त्यांची प्रत करून निराळ्या ठिकाणी ठेवणे, या दोहोंतील अंतर येथे कळते.

हे सारे ठाऊक असूनही या स्मरणिकेची तयारी चालू असताना आमचीच हार्डडिस्क बंद पडली. प्रत होती, पण ती उघडून पाहण्याचे कष्ट मी कधी घेतले नव्हते. उघडली तेव्हा अर्ध्याहून अधिक फाइली रिकाम्या निघाल्या. जुन्या विद्यार्थ्यांची या अंकातील यादी आम्ही अखेर हस्तलिखित हजेरीपटांवरून उतरवून घेतली. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीची दोन मुले प्रतीतील फाइली प्रत्यक्ष उघडून पाहतात आणि वहीत सही करतात. दुसरी प्रत शाळेच्या आवाराबाहेर असते.