कारांदिरूची रोजनिशी

साओ पावलोला गेलात तर मेट्रोच्या कारांदिरू स्थानकावर उतरा. बाहेर मोठी बाग आहे, मुलं स्केटबोर्ड खेळत असतात, सरकारी वाचनालयही आहे. 2002 पर्यंत इथे तुरुंग होता.

2 ऑक्टोबर 1992 ला त्यातल्या नऊ नंबरच्या इमारतीत कैद्यांची आपसांत मारामारी झाली. लष्करी पोलीस आत शिरले आणि 111 कैदी मेले. पोलीस एकही नाही. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची निवडणूक होती. मतदान जवळजवळ आटोपेपर्यंत खरा आकडा बाहेर येऊ दिला नाही. तुरुंग भरला होता तो शहराच्या कडेच्या वस्त्यांतल्या, फवेलांतल्या पोरांनी. मेलेल्यांपैकी पुष्कळांना तर अजून शिक्षाही झालेली नव्हती.

त्याच वस्त्यांतून 1988 मध्ये 'रासिओनाइस एमसीज' हा चौघांचा रॅप गट उभा राहिला होता. त्यातला मानो ब्राउन हा शहराच्या दक्षिण टोकाच्या कापांव रेदोंदोचा. कारांदिरूतला एक कैदी, जोसेनीर, वहीत लिहीत असे. त्या लिखाणावरून ब्राउनने गाणं बांधलं: 'एका कैद्याची रोजनिशी'. 1997 च्या 'नरकात तग धरताना' या अल्बममध्ये ते आहे. सात मिनिटांहून लांब, आणि आदल्या दिवशीच्या सकाळपासून सुरू होणारं. कत्तल येते ती शेवटी. आधी आहे तो तुरुंगातला रोजचा दिवस: पहारा, कंटाळा, घरच्यांची आठवण. मला यातच गाण्याची ताकद वाटते. 111 हा आकडा वर्तमानपत्रांनीही छापला होता. पण त्यांतला एकेक जण सकाळी उठला कसा, हे कोणी विचारलं नव्हतं.

अल्बम त्यांनी स्वतःच्याच कंपनीतून काढला. मोठ्या वाहिन्यांपासून ते चार हात लांबच राहत. तरी दहा लाखांवर प्रती खपल्या असं सांगतात.

न्यायाचं म्हणाल, तर 2013-14 मध्ये 74 पोलीस दोषी ठरले, 2016 मध्ये ते निकाल रद्द झाले, आणि 2022 च्या डिसेंबरात पायउतार होता होता राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी त्यांच्यासाठी माफीचा हुकूम काढला.

मधल्या काळात, 2018 मध्ये, कांपिनासच्या नामवंत सरकारी विद्यापीठाने हा अल्बम प्रवेश परीक्षेच्या वाचनयादीत घातला. म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या, बऱ्या घरच्या मुलांनाही त्या कोठडीतली सकाळ अभ्यासाला बसून वाचावी लागली.