बिनपंख्याच्या लॅपटॉपचं कूळ

रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डाभोवती लॅपटॉप जुळवायला बसलं, की पहिला वाद पंख्याचा. पंखा ही मूळ रीत आणि तो गाळणं ही अलीकडची काटकसर, असा बहुतेकांचा समज असतो. पण मांडीवरच्या संगणकाचं कूळ शोधत मागे गेलं, की मुळाशी बिनपंख्याचंच यंत्र सापडतं.

१९८२ साली कॅलिफोर्नियातून ‘ग्रिड कंपास’ बाजारात आला. पडदा मिटून कळफलकावर बसवण्याची, आज आपल्या अंगवळणी पडलेली रचना बिल मॉग्रिज यांनी त्यात केली. कवच मॅग्नेशियमचं होतं आणि ते नुसत्या मजबुतीसाठी नव्हतं. आतली उष्णता त्या कवचात उतरायची आणि तिथून हवेत जायची. थंड करणारा वेगळा भाग नाहीच. यंत्राचं अंगच ते काम करी. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

१९८३ मध्ये कंपास अंतराळयानातून गेला, तेव्हा मात्र नासाने त्याला पंखा जोडला. जमिनीवर तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. वजनरहित अवस्थेत ‘वर’ अशी दिशाच उरत नाही, त्यामुळे गरम हवा यंत्राला चिकटून राहते. बिनपंख्याचं यंत्र एरवी गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर थंड होतं, हे यातून लख्ख दिसतं.

पुढे पेंटियमच्या काळात लॅपटॉपमध्ये पंखा रुळला आणि जुनी वाट मागे पडली.

२०१२ चा पहिला रास्पबेरी पाय ७०० मेगाहर्ट्झवर चाले; त्याला कसलीच सोय लागत नव्हती. २०१५ मध्ये दोन पाय ‘अ‍ॅस्ट्रो पाय’ या नावाने अंतराळ स्थानकावर गेले. हाताला लागणारा पृष्ठभाग ४५ अंशांपुढे तापता कामा नये, अशी अट होती. म्हणून त्यांना अ‍ॅल्युमिनियमची पेटी केली आणि तिच्या तळाला उष्णता सोडणारे खुंट ठेवले. कवचानेच पुन्हा भार उचलला.

२०१९ च्या पाय ४ वर ताण आला की तो ८० अंशांजवळ पोचे आणि आपणहून वेग कमी करी. पंख्याशिवाय आता गत्यंतर नाही, असं वाटू लागलं. पण २०२० मध्ये त्याच घराण्याची चिप पाय ४०० च्या कळफलकात बसली. वेग १.५ वरून १.८ गिगाहर्ट्झवर नेलेला, आणि तरीही पंखा नाही. आत जवळपास कळफलकाएवढा धातूचा पत्रा होता. पाइनबुक प्रो या लॅपटॉपनेही मॅग्नेशियम मिश्रधातूचं कवच घेऊन पंखा टाळला. २०२३ च्या पाय ५ वर पंख्यासाठी खास जोडणी आली, तर २०२४ च्या पाय ५०० ने तीच २.४ गिगाहर्ट्झची चिप पुन्हा पत्र्याच्या भरवशावर चालवली.

म्हणून मी आधी कवच पाहते. प्लास्टिकच्या बंद खोक्यात उष्णता कोंडते, तिथे पंखा हवाच. धातूचं अंग असेल आणि काम लिहिण्यावाचण्याचं असेल, तर तो नको. धूळ नाही, आवाज नाही, बॅटरीही वाचते. मात्र धातू उष्णता हवेच्याच हवाली करतो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर ८० पर्यंतचं अंतर ४० अंशांचंच उरतं. तिथे तासन्‌तास जड प्रोग्रॅम चालवायचे असतील, तर पंखा बसवावा.