कंपवात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन विकार, हालचालींचा आजार म्हणून ओळखला जातो; पण कंपवात असलेल्या वृद्धांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत न्यूमोनियासोबत हृदयविकारही येतो. यात वयाचा वाटा मोठा आहे. कंपवात बहुधा साठीच्या आसपास दिसू लागतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या रोहिण्यांतील अडथळे यांचेही वय तेच. मात्र सगळा भार वयावर टाकता येत नाही, कारण हा आजार स्वतः हृदयापर्यंत पोहोचतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हा लक्ष थरथर आणि चाल यांवर होते. मध्यमेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. या पेशींत साचणारे अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन आतड्यांच्या चेतातंतूंत आणि हृदयाला जाणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतातंतूंतही सापडते. हृदयातील या तंतूंची टोके झडून गेलेली असतात, हे अमेरिकेत डेव्हिड गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पेट स्कॅनच्या साहाय्याने दाखवले. जपानमध्ये एमआयबीजी नावाचा किरणोत्सारी पदार्थ वापरून केलेली हृदयाची तपासणी निदानासाठीही वापरात आली. अनुकंपी पुरवठा तुटला की श्रमाच्या वेळी हृदयाचे ठोके हवे तितके वाढत नाहीत. कंपवातातील काही आकस्मिक मृत्यूंमागे हेच कारण असावे, असा तर्क आहे; तो सिद्ध झालेला नाही.

रोजच्या जगण्यात याची खूण रक्तदाबात दिसते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर तो उभे राहण्याने घटलेला रक्तदाब मानतात. कंपवाताच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो आढळतो. चक्कर, पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरुणाला खिळणे ही पुढची साखळी. त्याच रुग्णाचा दाब रात्री आडवे असताना उलट चढलेला असू शकतो आणि त्याचा ताण हृदयाच्या डाव्या जवनिकेवर पडतो. फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन दिल्यास उभ्याचा दाब सावरतो, पण आडव्याचा वाढतो. म्हणून दाब दोन्ही स्थितींत मोजणे अत्यावश्यक आहे. केवळ बसवून घेतलेला आकडा फसवा ठरतो. कंपवातावरील मुख्य औषध असलेल्या लेव्होडोपानेही दाब उतरतो. त्यामुळे कंपवाताआधीपासून चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

औषधांचा थेट धोकाही नोंदलेला आहे. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या पर्गोलाइडमुळे हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागतात, हे दिसल्यावर २००७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले. कॅबर्गोलिनबाबतही हाच धोका आढळला. लेव्होडोपाने होणाऱ्या मळमळीवर दिल्या जाणाऱ्या डोम्पेरिडोनने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून युरोपात २०१४ मध्ये त्याच्या मात्रेवर आणि वापराच्या कालावधीवर मर्यादा घातली गेली.

हृदयविकार ओळखण्यात उशीर होतो, ही सर्वांत गंभीर बाब. थकवा आणि धाप कंपवाताच्याच नावावर जमा होतात. क्षीण आवाज आणि भावहीन चेहरा यांमुळे छातीतली वेदना जवळच्यांनाही कळत नाही. ईसीजीही दिशाभूल करतो. हाताची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०, आणि कागदावर ती हृदयाच्या वेगवान लयीसारखी उमटते. नाडी हाताने मोजली की शंका फिटते.

मृत्यूच्या प्रमाणपत्रावर मूळ कारण म्हणून हृदयविकार लिहिला जातो, तेव्हा कंपवात सहायक कारणांत जातो किंवा लिहिलाच जात नाही. त्यामुळे केवळ मूळ कारणावर आधारलेल्या आकडेवारीत असे मृत्यू कमी दिसतात.

हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल केलेल्या रुग्णाचे लेव्होडोपा एकाएकी थांबवू नये. तसे केल्यास तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि बेचैनीसाठी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल डोपामीनचे काम अडवतात, त्यामुळे हृदयविभागातही ती टाळली जातात.