मचाणावरची दुर्बीण

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, एक दुर्बीण घ्यायचीय. पाच हजारांच्या आत. आणि टिकली पाहिजे, मागच्यासारखी नको."

मागची म्हणजे त्याने घरबसल्या मागवलेली, लाल काचांची, वर झूम वगैरे असलेली. स्कूटरच्या डिकीतून दोनदा ताम्हिणीला जाऊन आली आणि तिच्यातून एकाचे दोन बगळे दिसायला लागले. पाच मिनिटं डोळ्याला लावली की कपाळ ठणकायचं. यंदा बुद्ध पौर्णिमेला त्याला एका अभयारण्यात मचाणावर बसायची परवानगी मिळाली होती. पाणवठ्यावर रात्रभर बसून येणारं-जाणारं जनावर टिपायचं. पूर्वी याला सरळ प्राणिगणना म्हणायचे, आता निसर्गानुभव म्हणतात. नाव काही असो, मचाण तेच, चंद्र तोच.

मी त्याला म्हटलं, "बघतो." फोन ठेवला आणि मग आठवलं की आपल्या कपाटात अण्णांची दुर्बीण आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील, याचे आजोबा. कोकणात आमची थोडी शेती आणि पाठीमागे रान. रानडुकरांपासून भात राखायला म्हणून अण्णांनी बारा बोअरची बंदूक घेतली होती, पण खरं सांगायचं तर राखण हे निमित्त, शिकारीचा नाद होताच. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यानंतर एक-दोन वर्षांत अण्णांनी बंदूक जमा करून टाकली. का, ते कधी बोलले नाहीत. दुर्बीण मात्र ठेवली. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतलेली, जेनाची ८×३०, वर बारीक अक्षरात 'टी' कोरलेला. पुढची पंचवीस-तीस वर्षं ते त्याच बांधावर बसून त्याच रानाकडे पाहायचे, फक्त मांडीवर बंदूक नसायची. ही दुर्बीण एकदा कड्यावरून करवीच्या जाळीत पडली होती, एकदा पऱ्ह्यात भिजली होती. पण एकाचे दोन बगळे तिने कधी दाखवले नाहीत.

हे असं का, याचा शोध घ्यायला बसलो आणि दोन रविवार गेले! आता त्यातलं थोडं तुमच्याही माथी.

दोन डोळ्यांची दुर्बीण ही कल्पना दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ साली हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने हॉलंडच्या सरकारपुढे आपली नळी ठेवली, तेव्हा सरकारने लगेच सांगितलं की दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण. (सरकारी खात्याची जात कुठेही सारखीच, जे आणलंय ते सोडून दुसरं मागायचं.) पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षं गाडी तिथेच अडली. गॅलिलिओच्या पद्धतीच्या दोन नळ्या शेजारी जोडल्या की नाटकगृहात चालेल अशी दुर्बीण होते. वस्तू तीन-चार पट मोठी दिसते, आणि त्याहून जास्त करायला जावं तर किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं. शिकाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून स्कॉटलंडच्या डोंगरात सांबराच्या जातीचं हरीण हुडकणारे लोक पितळी लांबलचक एकनळी दुर्बीण वापरायचे. गवतात उताणं पडायचं, गुडघा वर करायचा आणि त्यावर नळी टेकवून एक डोळा मिटून तासन् तास डोंगर चाळायचा. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात हे करून पाहा म्हणजे कळेल.

अडचण अशी होती की जास्त शक्तीसाठी भिंगांची जी रचना लागते तिच्यात चित्र उलटं होतं आणि ते सुलटं करायला नळी लांबवावी लागते. इग्नात्सिओ पोरो या इटालियन इंजिनिअरने यावर तोड काढली. हा मूळचा जमीन मोजणीच्या उपकरणांतला माणूस. काचेचे दोन त्रिकोणी लोलक एकमेकांना काटकोनात बसवले की प्रकाश आत चार वेळा वळतो. चित्र सुलटं होतं आणि लांब नळीची घडी घालून ती मुठीत बसते. १८५४ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. कल्पना पक्की होती, पण तेव्हाची काच कच्ची. लोलकातून प्रकाशाला काचेतला बराच प्रवास करावा लागतो. काचेत रेषा, बुडबुडे, ढग असले की चित्र मळकं येतं. बिचाऱ्या पोरोची युक्ती तशीच मागे पडली.

पुढे जर्मनीतल्या जेना गावात एर्न्स्ट आबेने तीच युक्ती स्वतंत्रपणे काढली. तोवर १८८४ साली जेनातच ऑटो शॉटची काचेची प्रयोगशाळा सुरू झाली होती आणि हवी तशी नितळ काच मिळू लागली होती. आबे १८९३ मध्ये पेटंट घ्यायला गेला तर त्याला कळलं की लोलकाची युक्ती आधीच एका इटालियनाच्या नावावर आहे! मग त्याला पेटंट मिळालं ते पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवण्याच्या रचनेचं. त्यामुळे लांबच्या झाडांमधली मागची-पुढची जागा नीट कळते. झुडपातलं जनावर झुडपापासून सुटं दिसतं. १८९४ पासून झाइसने या दुर्बिणी विकायला काढल्या. ती रुंद खांद्यांची, पायरी असलेली आकृती आपण चित्रात 'दुर्बीण' म्हणून काढतो ती हीच. (जाता जाता, या आबेनेच १९०० साली आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. चष्मिष्ट प्राध्यापक माणूस, पण हिशेब दोन्हीकडचा चोख.)

या वस्तूची किंमत खरी कळली ती महायुद्धात. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांच्या ध्यानात आलं की चांगली काच येते ती बहुतेक शत्रूच्याच देशातून. लॉर्ड रॉबर्ट्सने (याचा जन्म आपल्या कानपूरचा) लोकांना आवाहन केलं की घोड्यांच्या शर्यतीला, शिकारीला नेता त्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या. १९१७ नंतर अमेरिकेच्या नौदलानेही तेच केलं. तिथे कायद्याने फुकट देणगी घेता येईना, म्हणून प्रत्येक दुर्बिणीमागे एक डॉलर भाडं द्यायचं ठरलं. हे सगळं पाहणारा नौदल खात्याचा उपमंत्री होता फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. म्हणजे शिकाऱ्यांच्या खुंटीवरच्या दुर्बिणी युद्धावर गेल्या. आणि युद्धानंतर उलटी वाट सुरू झाली. सैन्यासाठी घडवलेली दणकट दुर्बीण शिकाऱ्याच्या, पुढे पक्षी पाहणाऱ्याच्या गळ्यात येऊ लागली. अण्णांची आली ती याच वाटेने.

आणि तो 'टी'? काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग असतात. हिशेब करा, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश वाटेतच गळतो. जेनाच्या आलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून ही गळती थांबवली. बराच काळ ते लष्करी गुपित होतं. तो थर चढवल्याची खूण म्हणजे 'टी'. शिकारीची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजा. त्या वेळी हा वाचलेला प्रकाश म्हणजे गवत आणि जनावर यांतला फरक.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेनाची फाळणीच झाली. अमेरिकनांनी शास्त्रज्ञ पश्चिमेला हलवले, रशियनांनी यंत्रं उचलून नेली. जेनात उरलेल्यांनी पुन्हा उभारी धरली आणि १९२० पासूनचा आपला ८×३० चा नमुना पुढे कित्येक दशकं काढत राहिले. तिकडे कझान आणि झागोर्स्कच्या कारखान्यांतून रशियन दुर्बिणी निघत होत्या. जड, ओबडधोबड, थोडं पिवळट दाखवणाऱ्या, पण हातोड्यासारख्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या जगभर स्वस्तात मिळू लागल्या आणि गरीब हौशी लोकांची सोय झाली. आपल्याकडे डेहराडूनला १९४३ साली उभा राहिलेला आयुध निर्माणीचा कारखाना सैन्यासाठी दुर्बिणी करतच होता. २०२१ पासून तो इंडिया ऑप्टेल या सरकारी कंपनीत गेला आहे.

मग स्वस्त आणि टिकाऊ यांचं जमतं कसं? १९६० च्या दशकात लायका आणि झाइसने सरळ नळ्यांच्या, सडपातळ दुर्बिणी आणल्या. आज दुकानात दिसतात त्या बहुतेक तसल्याच. दिसायला झकास, पाण्यापासून बंद करायलाही सोप्या. पण त्यांच्यातला लोलक फार काटेकोर घासावा लागतो, आणि त्यावर आणखी खास थर चढवावे लागतात. चांगल्या करायच्या तर पैसे पडतात. पोरोच्या लोलकाला हे लाड नाहीत. म्हणून थोड्या पैशात चित्र चांगलं हवं असेल तर ती जुनी रुंद खांद्याचीच घ्यावी, असं माझं मत झालंय. फक्त लोलक आत धातूच्या पट्टीने दाबून बसवलेले हवेत. भाच्याच्या दुर्बिणीत ते नुसते डिंकाच्या ठिपक्यावर होते. दोन खड्ड्यांत सरकले!

पक्ष्यांबद्दलही एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूमसाहेब मोठे पक्षीतज्ज्ञ. १८८५ साली त्यांनी ब्रिटिश म्युझियमला पक्ष्यांचे ८० हजारांच्या आसपास नमुने दिले. तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा. आपल्या सलीम अलींची सुरुवातही मुंबईत छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच झाली. हातात न घेता, झाडावर बसलेल्या पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचं कडं मोजता येणं, हे त्या लोलकांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. अण्णांनी बंदूक का दिली हे मला ठाऊक नाही, पण दुर्बीण का ठेवली असेल याचा अंदाज करता येतो.

असो. तर मी कपाट उघडलं.

अण्णा गेल्यावर मी ती दुर्बीण तिच्या चामडी पेटीत घालून ठेवून दिली होती. जपून! सात पावसाळे. चामडं ओल धरून ठेवतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. उजेडाकडे धरून मोठ्या भिंगातून आत पाहिलं तर उजव्या नळीत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कड्यावरून पडून जे झालं नाही, ते माझ्या कपाटात झालं.

कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी माझ्यासमोर ती उघडली. चार स्क्रू, दोन पट्ट्या, लोलक बाहेर. "साठ वर्षांनी उघडते आहे बघा," ते म्हणाले. "हल्लीची उघडायला गेलं तर तुटते." तीन लोलक पुसून लख्ख झाले. चौथ्याची काच बुरशीने खाल्ली होती. ती आता घासली तरच जाईल, आणि घासली तर लोलक बिघडेल. तो तसाच परत बसवला. दोन्ही नळ्या एका रेषेत आणल्या, नवं ग्रीस भरलं. पैसे घेताना म्हणाले, "चामड्यात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा."

भाच्यासाठी म्हणून आम्ही दोघं एका दुकानात गेलो आणि साधी, पोरोच्या घडणीची ८×४० घेतली. एकाच मॉडेलचे पाच नग काढायला लावले, दुकानदार वैतागला. प्रत्येकीतून समोरच्या इमारतीवरचा अँटेना पाहायचा, मग दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्यायची. दोन अँटेना झाले की ती बाद. तीन बाद झाल्या! मग उरलेल्या दोन हातभर लांब उजेडाकडे धरून डोळ्याकडच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका पाहिला. एकीत गोल, दुसरीत कडा कापल्यासारखा चौकोनी. गोलवाली घेतली. रात्रीसाठी ७×५० घ्यावी असं त्याचं म्हणणं होतं, कारण पन्नासला सातने भागलं की सात मिलिमीटरचा झोत डोळ्यात येतो आणि अंधारात तरुण माणसाची बाहुलीही तेवढीच उघडते. बरोबर आहे, पण ती किलोभर वजनाची, आणि दिवसभर गळ्यात कोण वागवणार? ८×४० चा पाचचा झोत चांदण्यात पुरतो. माझ्या वयात तर बाहुलीच पाचच्या पुढे उघडत नाही, मोठी घेऊन मी काय करू.

निघताना त्याला अण्णांचीही दिली. नवी त्याच्या मित्राने वापरली, याने आजोबांची.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज बसलेला, डासांनी फोडून काढलेलं. रात्रभरात दोन भेकरं, एक रानमांजर, आणि अडीचच्या सुमाराला एक साळिंदर. साळिंदराची पिसं चांदण्यात एकेक मोजता येत होती म्हणे. वाघ नाही, बिबट्या नाही, पण स्वारी खूश होती.

मग म्हणाला, "मामा, काल चंद्राला खळं पडलं होतं का रे? उजव्या डोळ्यातून दिसत होतं. डाव्यातून नाही."

"नव्हतं पडलं," मी म्हटलं. "ते तुझ्या मामाने पाडलंय."