अरुचि आणि अरसज्ञता

ताप तापमापकानें मोजतां येतो. परंतु वास किंवा चव गेल्यानें संसारांत काय उणें झालें, हें रोग्यासच विचारावें लागतें. आणि विचारणें आलें कीं भाषा आली.

वास गेलेल्या रोग्यांसाठीं एक प्रश्नावली फ्रास्नेली व हुमेल ह्या संशोधकांनीं २००५ सालीं ड्रेस्डेन येथून प्रसिद्ध केली. २०२० च्या साथींत हा विकार घरोघर माहीत झाला, आणि अशा प्रश्नावल्या अरबीसारख्या भाषांत उतरवून पारखून घेण्याची निकड वाढली. एकानें भाषांतर करावें, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानें तें उलट फिरवावें, दोन्ही ताडावीं, आणि मग रोग्यांस कांहीं दिवसांच्या अंतरानें दोनदां विचारावें, अशी ही पारख असते.

अरबीचें नांव निघालें कीं बगदाद आठवतें. बर्मकी वजिरांच्या आश्रयानें सुश्रुत अरबींत गेला. चरक आधीं फारसींत, मग अरबींत उतरला, असें दहाव्या शतकांतील इब्न अल्-नदीमच्या ग्रंथसूचींत नमूद आहे. त्या दुभाष्यांपुढील काम सोपें नव्हतें. चरकाच्या सूत्रस्थानांत, २८ व्या अध्यायांत, अश्रद्धा, अरुचि, आस्यवैरस्य व अरसज्ञता असे चार विकार वेगळे सांगितले आहेत. अन्नाची इच्छा नसणें, खाल्लेलें न रुचणें, तोंडाची चव बिघडणें आणि रसच न कळणें, ह्या चार निरनिराळ्या गोष्टी होत. २० व्या अध्यायांतील ऐंशीं वातविकारांत तर घ्राणनाशही आहे.

आमच्या बोलण्यांत मात्र हे चारही 'तोंडाला चव नाहीं' एवढ्यांत मावतात! वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील एखादी आजी सावंगीच्या वा सेवाग्रामच्या रुग्णालयांत गेली, आणि 'चव लागते का?' असें तिला विचारलें, तर 'कायची चव, बाप्पा! जेवनच नाई जात,' असेंच ती म्हणेल. ही अरुचि, पण कागदावर नोंद पडेल अरसज्ञतेची. उलट, जिचा वास खरोखर गेला, ती दोन वेळां नीट जेवत असल्यामुळें 'बरी' ठरेल, आणि गॅस सुटला तरी तिला कळणार नाहीं.

परक्या वासांचीही तीच गत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत १९८४ सालीं झालेल्या ४० वासांच्या परीक्षेंत रूट बियर व पम्पकिन पाय आहेत. ते जन्मांत न हुंगलेल्याचें नाक बधिर म्हणावें काय? आमच्याकडे हिंगाची फोडणी, करपलेली भाजी, नासलेलें दूध ह्यांविषयीं विचारावें. आणि तेही प्रश्न त्याच माणसांस पुन्हां विचारून पाहावे.